पाय किती वेळा टेकला : साताऱ्याच्या डोंगरातला सायकलचा एक हंगाम

पावसाळा संपताना ठरवलं की यंदा किलोमीटर मोजायचे नाहीत. किलोमीटर काय, डांबरावरही होतात. त्याऐवजी वहीत एकच आकडा लिहायचा. घरामागच्या डोंगरावर एक जुनी गाडीवाट जाते, तिच्या चढात सायकलवरून पाय किती वेळा जमिनीला टेकला, तो. चढ जेमतेम चारशे मीटरचा, पण आपल्याकडच्या डोंगरात भेटतं ते सगळं त्यात आहे : मुरूम, पायाखालून निसटणारी सुटी खडी आणि मध्येच दोन ठिकाणी उघड्या पडलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. वाटेचं नाव लिहीत नाही. मागे एकदा एक वाट कौतुकानं चार जणांना सांगितली, तर पुढच्या रविवारी तिथे जीपा हजर.

गाडी तीच, हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल. पुढे १०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, २९ इंची चाकं, २.२५ इंच रुंदीचे टायर. माझं वजन ७२ किलो, हवेचे आकडे वाचताना ते लक्षात ठेवा.

नोव्हेंबर, पहिला रविवार : ११

अकरा वेळा पाय टेकला. त्यातले तीन तर नुसते घाबरून. गवत कमरेला लागत होतं आणि कुसळं पिकलेली. घरी आल्यावर मोज्यातून कुसळं उपटण्यात अर्धा तास गेला, शेवटी मोजेच फेकून दिले.

उतरताना सीसीटीत पडलो. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी : सलग समतल चर. पाणी अडवायला डोंगराच्या अंगावर आडवे खणलेले, दोन फूट रुंद आणि फूटभर खोल. गवतात दिसत नाहीत, आणि उताराला सरळ सुटलं की एकामागून एक येतातच. पुढचं चाक चरात, मी पलीकडच्या बांधावर. काम चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, विहिरींना पाणी त्यामुळेच राहतं. आता शेळ्यांनी जिथे बांध तुडवून वाट पाडलीय, तिथूनच ओलांडतो. शेळीची वाट सहसा चुकत नाही.

डिसेंबर : ९

या महिन्यात पायात ताकद वाढली असं काही वाटलं नाही. डोंगर मात्र थोडा कळला.

आपला सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा, हे शाळेत वाचलेलं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहत आला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला. दख्खनच्या ‘ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलाय. प्रत्येक थराच्या पोटातला दगड घट्ट, तो कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग बुडबुड्यांच्या भोकांचा, तो झिजतो आणि तिथे सपाट पट्टा तयार होतो. साताऱ्याहून कुठल्याही डोंगराकडे बघा, कडा-पट्टा-कडा-पट्टा अशा आडव्या रेघा दिसतात. पट्टा सायकलचा, कडा खांद्याचा. इतकी वर्षं मी पट्ट्यावरही दात-ओठ खात पेडल मारत होतो आणि कडा आला की दमलेला असायचो.

माझ्या चढात दुसऱ्या पायरीखाली हातभर रुंदीचा तांबडा मातीचा पट्टा आहे. दोन थरांच्या मधला. खालचा थर थंड होऊन उघडा पडला, त्याची माती झाली, मग वरून पुढचा लाव्हा आला आणि माती भाजली गेली. हा पट्टा पाणी धरतो, पावसाळ्यानंतरही बरेच दिवस ओलसर आणि निसरडा असतो. मी नेमका तिथे घसरायचो आणि दोष टायरला द्यायचो. खरी गोष्ट अशी की तांबडं दिसलं म्हणजे त्याच्या डोक्यावर पुढच्या थराचा घट्ट दगड असणार. तेव्हा गिअर तांबड्याच्या आधीच, मुरमावर असतानाच उतरवायचा. तांबड्यावर बूड मागे, जोर एकसारखा, आणि पुढचं चाक पायरीला लागायच्या क्षणी हँडल थोडं उचलायचं. महिन्याभरात दोनच पाय कमी झाले, पण दोन्ही तिथलेच.

हवा : पुढे ३५ पीएसआय होती ती २२वर आणली, मागे २५. ट्यूबलेस नसेल तर इतकी कमी करू नका, दगडाच्या कडेनं ट्यूब चिमटली जाईल. ट्यूबलेस नसेल तर सराट्याच्या काट्यांनी एरवीही जीव नकोसा होतोच म्हणा.

जानेवारी : ६

यंदाची सगळ्यात चांगली राइड, चाळकेवाडी. पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलो, सज्जनगडाचा फाटा, बोरणे घाट, ठोसेघर. इथवर डांबर, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घाटात एसटीला जागा द्या, ती तुम्हाला देणार नाही.

गंमत वर पवनचक्क्यांच्या पठारावर. उंची साधारण ११५० मीटर, आणि प्रत्येक चक्कीकडे जाणारा मुरमाचा रस्ता. बरेच रस्ते चक्कीपाशीच संपतात, त्यामुळे पहिल्या खेपेला निम्मा वेळ परत फिरण्यात जातो. हरकत नाही. मुरूम छान दाबलेला आहे, चढ-उतार हलके आहेत, आणि वनकुसवड्याच्या बाजूला कडेपाशी गेलात की खाली कोयनेचं पाणी पसरलेलं दिसतं. तिकडे उतरायचा मोह होतो. उतरू नका. खालचं जंगल अभयारण्याचं, व्याघ्र प्रकल्पातलं आहे, आणि आपण एकानं आगाऊपणा केला की वरचे रस्तेही सगळ्यांना बंद होतील.

मुरूम सोडून सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या दगडावर, गेलं की जांभा. वाळलेला जांभा कानशीसारखा धरतो, टायर कुठेच सुटत नाही. उतारावर इतका भरवसा वाटायला लागतो की माणूस मूर्खपणा करतो. मी केला. भोकांच्या दगडाची एक धार मागच्या टायरला बाजूनं लागली, बोटाच्या पेराएवढी चीर पडली, आणि सीलंटचा, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये भरलेल्या चिकाचा, पांढरा फवारा थेट माझ्या पाठीवर. एवढी चीर सीलंटनं बुजत नाही. ट्यूब होती, पण आतून काही लावल्याशिवाय ती चिरेतून बाहेर फुगली असती. चिरेच्या आत लावायला खिशात दहाची नोटसुद्धा नव्हती. फोनवरून पैसे देण्याच्या सवयीचा हा तोटा कुणी सांगितला नव्हता.

तेवढ्यात मेंढरांमागून धनगरमामा आले. आधी त्यांची दोन कुत्री आली, तेव्हा मी सायकल मध्ये धरून उभा.

“काय झालं वं पावणं?”

“टायर फाटलं, मामा.”

त्यांनी वाकून चिरेत बोट घातलं. “म्हागाची गाडी दिसतीया. आन् कातडं असलं पातळ?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी पिशवीतून जुन्या ताडपत्रीचा तुकडा काढला आणि कोयत्यानं तळहाताएवढा कापून दिला. तो दुमडून चिरेच्या आत बसवला, वर ट्यूब, हवा जरा कमीच. साताऱ्यापर्यंत ३५-४० किलोमीटर काही झालं नाही. तो तुकडा आता माझ्या सीटखालच्या पिशवीत कायमचा मुक्कामाला आहे. हंगामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सामान.

फेब्रुवारी : ४

ब्रेकचे पॅड गेले. रेझिनचे होते, मुरमाच्या धुळीनं तीन महिन्यांत पत्र्यावर आले. आता मेटलचे टाकलेत. आवाज करतात, पण टिकतील असं दिसतंय.

गवत वाळल्यावर वणवे सुरू झाले. वणवा पसरू नये म्हणून वन खात्यानं काढलेल्या जाळरेषा डोंगरधारेवरून मोकळ्या पट्ट्यासारख्या जातात. त्या पाहून हात शिवशिवतात, पण परवानगी विचारल्याशिवाय त्यावर चाक घालू नका. जळलेल्या उतारावर तर अजिबात जाऊ नये, राखेखालची सुटी खडी दिसत नाही.

कासला सायकल न्यावी का, असं दोघांनी विचारलं होतं. यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता, पुढे बामणोलीपर्यंत उतार, हे सगळं रस्त्यावरून जरूर करा. फुलांच्या दिवसांतले शनिवार-रविवार मात्र टाळा, गाड्यांच्या रांगेत सायकल चालवण्यात मजा नाही. पठारावर, म्हणजे सड्यावर, सायकल नाहीच. फेब्रुवारीत तिथे नुसता उघडा दगड दिसतो म्हणून चालेल असं वाटतं. पण त्या दगडावर बोटभर मातीचा थर असतो आणि सीतेच्या आसवांपासून सगळी फुलं त्यातच उगवतात. एका चाकोरीनं ती माती पहिल्या पावसात वाहून जाते.

मार्च : (२)

आकडा कंसात का, ते सांगतो. पंधरवड्यानंतर चढावर गेलो तर वरच्या वस्तीसाठी वाट रुंद करायला जेसीबी येऊन गेलेला. पहिली पायरी फोडलीय, तांबड्या पट्ट्यावर दोन ट्रॉली मुरूम टाकून दाबलाय. वस्तीवरच्या लोकांना दवाखान्यात जायला रस्ता हवा, त्यात मी कोण बोलणार. पण मी वर पोहोचलो तेव्हा दोनच पाय टेकले होते, आणि त्यातला एक समोरून दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या मोटारसायकलला जागा द्यायला.

दुसरी पायरी अजून शाबूत आहे. तिच्यापासून वरचा तुकडा एप्रिलपासून वेगळा मोजतोय.