फोल्डरचा तो हरवलेला १
खानापूरच्या आमच्या घरी तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरूनच येत असे, आणि मोडेमवर ५६ केबीपीएस लिहिलेले असले तरी पावसाळ्यात त्याचा वेग निम्म्यावर येई. माझ्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडत होते. छायाचित्रांच्या जागी मात्र '४०३ फॉरबिडन' येत होते, म्हणजे सर्व्हर ती देण्यास नकार देत होता. (४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही', असे असते तर सगळे पुन्हा अपलोड करत बसलो असतो.) एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली हाताळायच्या सोयीने, पाहिले, तेव्हा फाइलींसाठी योग्य असलेली ६४४ ही परवानगी मी फोल्डरलाही दिल्याचे आढळले. यातले तीन आकडे अनुक्रमे मालक, त्याचा गट आणि इतर सगळे यांचे; प्रत्येक आकडा म्हणजे वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि प्रवेशाचा १ यांपैकी जे दिले असेल त्याची बेरीज असते. ६४४ मध्ये तो १ कुणालाच मिळत नसल्याने फोल्डरच्या आत जाता येत नाही. तो १ तिघांनाही मिळावा म्हणून ७५५ टंकले, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातला फोन उचलला आणि जोडणी तुटली. तिसऱ्यांदा डायल केल्यावर काम झाले.