रंग नको, ओठ दाखवा

मार्च-एप्रिलमध्ये सिएटलच्या आसपास सलग दोन-चार दिवस ऊन पडलं, की इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. डेकच्या पायरीवर नाहीतर बागेतल्या दगडी बांधावर ऊन खात पडलेला, अंगावर लांब पट्टे असलेला साप. खाली प्रश्न, ‘विषारी आहे का?’ मग उत्तरं सुरू. ‘पिवळा पट्टा म्हणजे गार्टर, काही करत नाही.’ ‘आमच्याकडचा गार्टर लाल पट्ट्याचा होता, हा वेगळाच दिसतोय.’ ‘निळसर असेल तर लांबच राहा हं.’

विषाचं उत्तर सोपं आहे. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला, जिथे आम्ही सगळे राहतो, माणसाच्या जिवावर बेतेल असा एकही साप नाही. रॅटलस्नेक आहे, पण तो डोंगरापलीकडे, पूर्वेच्या कोरड्या भागात. फोटोतला तो पट्टेवाला साप म्हणजे गार्टर, इथे बागांत सर्रास दिसणारा. त्याच्या लाळेत सौम्य विष असतं, ते त्याच्या भक्ष्यापुरतं. चावलाच तर एखाद्याला थोडी सूज येते, एवढंच. भारतातून मुलांकडे आलेल्या आई-बाबांना हे पटायला वेळ लागतो. माझी आई अजूनही ‘अगं, जनावर निघालंय दारात’ असंच सांगते आणि पायरीवर पाय ठेवत नाही.

मग हा नेमका कुठला गार्टर, हा प्रश्न उरतो, आणि रंगावर भरवसा ठेवणारे तिथेच फसतात. आमच्या भागात गार्टरच्या तीन जाती आहेत: कॉमन, वेस्टर्न टेरेस्ट्रियल आणि नॉर्थवेस्टर्न. तिघांच्याही पाठीवर मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे पट्टे असतात, निदान असायला हवेत. खरा घोळ नॉर्थवेस्टर्न घालतो. त्याचा पाठीवरचा पट्टा पिवळा, केशरी, लालभडक, निळसर, हिरवट, पांढरा, काहीही असू शकतो. कधी पट्टा अर्धवट असतो, कधी नसतोच, नुसतं तपकिरी किंवा काळपट अंग आणि त्यावर ठिपके. एकाच मादीच्या एकाच वेळच्या पिल्लांमध्येही पट्टेवाली आणि बिनपट्ट्याची भावंडं सापडतात. तेव्हा ‘आमचा लाल होता’ या पुराव्याला फारसा अर्थ नाही.

कॉमन गार्टरचं उलट. तो एका जागी बऱ्यापैकी एकसारखा दिसतो, पण गाव बदललं की वेष बदलतो. आमच्या प्युजेट साउंडच्या, म्हणजे सिएटलजवळच्या खाडीच्या, काठचा काळपट, हिरवट-निळसर किंवा पिवळ्या पट्ट्यांचा. खाली ओरेगनमध्ये गेलात की त्याच जातीच्या सापाचं डोकं तांबूस आणि अंगावर लाल ठिपके. आणखी खाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेच्या द्वीपकल्पावर, पाठीवर हिरवट-निळा पट्टा आणि त्याच्या कडेने काळ्या-लाल रेषा. इतका देखणा साप मी तरी दुसरा पाहिला नाही. तो 1967 पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शास्त्राच्या हिशेबाने तो आणि आमच्या डेकवरचा काळपट गडी एकाच जातीचे, फक्त उपजात वेगळी.

रंगाची ही उधळपट्टी कशासाठी, यावर एडमंड ब्रॉडी या जीवशास्त्रज्ञाने ओरेगनमधल्या नॉर्थवेस्टर्न गार्टरवर सुरेख काम केलंय. 1989 मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पट्टेदार पिल्लं धोका दिसला की सरळ रेषेत पळत सुटतात. ठिपक्यांची किंवा पट्टा नसलेली पिल्लं पळता पळता एकदम दिशा बदलतात. लांब पट्टा सरळ सरकत असला की पाहणाऱ्याची नजर एका जागी ठरत नाही, साप किती वेगाने चाललाय ते कळत नाही. ठिपकेवाला मात्र झटकन वळून गवतात स्तब्ध झाला की मिसळून जातो. दोन्ही युक्त्या चालतात, म्हणून दोन्ही वेष टिकले. मला या सगळ्या विषयात सर्वात आवडलेली गोष्ट हीच.

तर ओळखायचं कसं? आधी पाठीवरच्या पट्ट्याची कड बघा, रंग नव्हे. वेस्टर्न टेरेस्ट्रियलचा आमच्याकडचा नमुना राखाडी-तपकिरी असतो आणि त्याच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी काळे ठिपके घुसलेले असतात, त्यामुळे कड नागमोडी दिसते. कड सरळ असेल तर डोक्याकडे या. नॉर्थवेस्टर्नचं डोकं लहान, मानेपासून जेमतेम वेगळं, आणि साप एकूणच छोटा, सहसा दोन फुटांच्या आतला. कॉमनचं डोकं मोठं, डोळेही मोठे, आणि तो मीटरभर वाढू शकतो.

तरीही शंका राहिली तर वरच्या ओठावरचे खवले मोजायचे. टेरेस्ट्रियलला सहसा आठ, बाकी दोघांना सात. त्या दोघांमधला निवाडा अंगाच्या मध्यावरच्या खवल्यांच्या ओळींवर होतो: कॉमनला बहुधा 19, नॉर्थवेस्टर्नला बहुधा 17. ओळी फोटोवरून मोजणं हे चिकाटीचं काम, पण ओठ मात्र फोनच्या कॅमेऱ्यातही दिसतो. म्हणून ग्रुपवर माझा एकच आग्रह असतो, वरून काढलेला फोटो ठीक आहे, डोक्याचा एक बाजूनेही काढा. आणि साप कात टाकायच्या बेतात असेल, डोळे दुधाळ निळे दिसत असतील, तर रंगाबद्दल बोलूच नका, तेव्हा सगळेच मळकट दिसतात.

जेवणाचाही सुगावा लागतो. नॉर्थवेस्टर्न गांडुळं आणि बिनशंखाच्या गोगलगायींवर जगतो. इथल्या पावसाळी बागांत त्या गोगलगायी लेट्यूसची चाळण करतात, त्यामुळे बागवाल्यांना हा साप हवाच असतो. कॉमन बेडूक खातो आणि काही ठिकाणी तर रफ-स्किन्ड न्यूटही, म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला एक उभयचर प्राणी. त्या न्यूटच्या कातडीत फुगा माशात असतं तेच जहाल विष असतं. ते पचवण्याची ताकद या सापाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली आहे.

घरच्यांना समजावताना मी नानेटीचं उदाहरण देते. पावसाळ्यात अंगणात दिसणारी, पाठीवर दोन पिवळट पट्टे असलेली आपली गरीब नानेटी या गार्टरच्याच उपकुळातली. दिवडसुद्धा. फरक असा, की नानेटी अंडी घालते आणि गार्टर थेट पिल्लांना जन्म देतो, आपल्या घोणशीसारखा. पण रंगाची गफलत तिकडे महाग पडते. मण्यार आणि बिनविषारी कवड्या, दोघांच्याही गडद अंगावर फिकट पट्टे. कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. तिथे जवळ जाऊन ओठ बघायचा नाही, सर्पमित्राला फोन करायचा.

इथेही हात लावू नका, पण कारण वेगळं. धरलेला गार्टर शेपटीखालच्या ग्रंथींतून असा काही वास सोडतो, की साबणाने दोनदा धुऊनही हात जेवणाच्या ताटाजवळ नेववत नाही. माझ्या मुलाने एकदा धरला होता, त्या दिवशी त्याचा शर्ट वॉशिंग मशीनमध्ये एकटाच फिरला.