मिलफर्ड साउंड पावसातच बघावा

न्यूझीलंडमधल्या मिलफर्ड साउंड या खाडीला वर्षाला साधारण साडेसहा मीटर पाऊस पडतो, आणि तरी तिथे निघालेला प्रत्येक जण मोबाईलवर ऊन शोधत असतो. वाटेवरच्या टे अनाउ गावी तळ्याकाठी मोटरहोम लावून मीही तेच करत बसलो होतो. सगळीकडे ढगच. बायको वैतागली. "आंबोलीला आपण ऊन बघायला जातो का?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. डिझेलची टाकी भरली आणि निघालो.

क्वीन्सटाउन शहरातून बसने एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ असतात. माझ्या मते तो निव्वळ छळ आहे. टे अनाउपासूनचा १२० किलोमीटरचा रस्ता हीच निम्मी सहल, आणि ती बसच्या काचेआड झोपेत जाते. मोटरहोमला मात्र घाई चालतच नाही. वळणावर चमचे-ताटल्या खडखडतात, मागे गाड्यांची रांग लागते, मग जागा मिळेल तिथे डावीकडे घेऊन सगळ्यांना पुढे सोडायचं.

एग्लिंटन खोरं सपाट, गवताळ, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर एकदम सरळ उठलेले. एरवी डोंगरांचं प्रतिबिंब दाखवणाऱ्या मिरर लेक्समध्ये त्या दिवशी थेंबांशिवाय काही दिसलं नाही. मुक्काम कॅस्केड क्रीकच्या सरकारी तळावर केला, कारण या रस्त्यावर वाटेल तिथे गाडी लावून झोपायला बंदी आहे. वीज नाही. गॅसवर पिठलं-भात, छपरावर रात्रभर पाऊस. दार जरा उघडलं की सँडफ्लाय आत! दिसायला चिलटाएवढ्या, पण चावल्या की आठवडाभर खाजवत बसा. माओरी या इथल्या मूळ लोकांच्या कथेत म्हणे मृत्यूच्या देवीनेच त्यांना इथे सोडलं, माणसांनी या सुंदर जागी फार रेंगाळू नये म्हणून.

सकाळी होमर बोगद्याच्या सिग्नलला थांबलो तर छपरावर धपकन आवाज. केआ! डोंगरात राहणारा हा पोपट शेवाळी हिरवा, पंख उघडले की आतून शेंदरी. बाकदार चोचीने तो खिडकीचं रबर सोलू लागला, आणि सोबत आलेल्या माझ्या आईने काच वाजवल्यावर मान वाकडी करून तिच्याकडेच बघत राहिला. "निर्लज्ज आहे मेला," आई म्हणाली. त्याला खायला घालायचं नसतं, त्यामुळे तिची चकली वाचली.

बोगद्याचं काम १९३५ मध्ये पाच माणसांनी कुदळ-फावडी घेऊन सुरू केलं. हिमकडे कोसळून माणसं दगावली, मध्ये दुसरं महायुद्ध आलं, आणि वाहतूक सुरू व्हायला १९५४ उजाडलं. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर, पण भिंती नुसत्या फोडलेल्या खडकाच्या, पाणी ठिबकतंय, आणि उतार असा की ब्रेकवरचा पाय काढवत नाही. बाहेर पडलो तर समोरच्या कड्यावरून इतके धबधबे सुटले होते की मोजायचं मनातही आलं नाही.

नाव साउंड असलं तरी हा खरा फिओर्ड आहे. हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरलेला. सुमारे १,७०० मीटरचं मायटर पीक हे शिखर ढगात पूर्ण गायब होतं. आमची सहलीची बोट स्टर्लिंग धबधब्याच्या इतकी जवळ नेली की पुढच्या डेकवरचे सगळे चिंब. कड्यांवरून उतरणारं पाणी झाडपाल्यामुळे चहासारखं तपकिरी होतं आणि खाऱ्या पाण्यावर थर करून तरंगतं. त्या थराने उजेड अडतो, म्हणून एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं प्रवाळ इथे बऱ्याच वर सापडतं. एका खडकावर सील पसरले होते, पाऊस जणू दुसऱ्या कुणावर पडतोय. तोंडाशी टास्मान समुद्राच्या लाटा लागल्या तशी आईने रेलिंग घट्ट धरली. १७७० मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक इथूनच, आत न येता पुढे निघून गेला होता.

दुपारी ऊन पडलं. मायटर पीक टोकापर्यंत दिसू लागलं, धक्क्यावर पुढच्या फेरीची गर्दी खूश. पण पावसाने जन्मलेले ते धबधबे तासा-दोन तासांत आटत चालले होते. बारमाही वाहणारे दोन तेवढे उरतात, स्टर्लिंग आणि लेडी बोवेन. आईने शिखराकडे एकदा बघितलं, मग ओल्या काळ्या कड्याकडे. "डोंगर आला, पण पाणी कुठे गेलं?" असं म्हणून ती चहा टाकायला गाडीत शिरली.