इबादान: एगुनगुन आणि एक ओळखीचा शब्द

नायजेरियात लागोसचे चार दिवस ऑफिस आणि ट्रॅफिकमध्ये गेले, सोडून द्या. शनिवारी एका सहकाऱ्याच्या मामाकडे इबादानला गेलो, २०२१ मध्ये सुरू झालेल्या ट्रेनने, १५७ किलोमीटर, एकदम आरामात. जून महिना, एगुनगुनचे दिवस. इथल्या योरुबा लोकांचे पूर्वज तेव्हा घरी येतात.

रस्त्यावरची गर्दी मला अजिबात झेपली नाही. पोरं छड्या घेऊन पळतात, एकमेकांना सपासप मारतात, मी दोनदा भिंतीला चेपला गेलो. फोन काढला तर एका छडीवाल्याने लगेच हात खाली करायला लावला आणि खरं सांगतो, त्याचंच बरोबर होतं, कुणाच्या घरी पितर आलेत आणि मी शूटिंग करतोय!

मग बाता ढोल वाजले आणि एगुनगुन, म्हणजे पोशाखात आलेला पूर्वज, मामाच्या अंगणात आला. बोटसुद्धा दिसत नाही, तोंडावर जाळी, अंगभर कापडाच्या पट्ट्या. मखमल, जरी, कवड्या, सगळ्यात आत विटलेलं निळं हातमागाचं कापड, कारण घरचे लोक जुन्यावरच नवीन कापड शिवत जातात. आत कोण आहे हे विचारायचं नाही. तो 'आरा ओरुन', परलोकातला.

मामाची म्हातारी आई गुडघ्यावर बसली, घराण्याची ओरिकी म्हणजे स्तुती म्हणाली आणि मग "बाबा" म्हणून बोलायलाच लागली. योरुबात पण वडिलांना बाबाच म्हणतात. बाकी एक अक्षर कळलं नाही पण नातवाकडे बोट दाखवत, मध्येच रडत ती किती वेळ बोलत होती, आणि एगुनगुन घोगऱ्या, माणसाच्या न वाटणाऱ्या आवाजात उत्तर देत होता.

माझ्या बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. आईला सांभाळू, घर विकणार नाही, बहिणीचं लग्न करू, एकेक म्हणत आम्ही दीड तास उन्हात उभे. काय राहिलं होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही. इथे ही बाई सरळ विचारत होती आणि तिला उत्तर मिळत होतं, मला तिचा हेवा वाटला.

शेवटी एगुनगुन गरागरा फिरला, सगळ्या पट्ट्या आडव्या उडाल्या. तो वारा म्हणजे आशीर्वाद, म्हणून आजीने मनगट धरून मलाही पुढे ओढलं. जुन्या ट्रंकेतल्या लुगड्यांसारखा वास होता त्याला.