चवथीच्या आदल्या दिवशीची रॅम

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी गोव्यात फोंड्याला गिऱ्हाइकाचा फोन आला की उचलू नये, असं माझे वडील म्हणायचे. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, माझं कंप्युटरचं. मी उचलला. म्हार्दोळहून काका बोलत होते, बँकेतून निवृत्त झालेले. "तो तू करून दिलेला सिनेमाचा कंप्युटर अडखळतोय मरे. घर भरलंय माणसांनी."

तो डबा मीच जुळवला होता, त्यामुळे पोटात जरा गोळा आला. टीव्हीखालच्या कपाटात मावावा म्हणून चपटी केस, दोनच रॅम स्लॉटचा, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या दोनच खाचांचा, छोटा मदरबोर्ड, रायझन 5 5600जी प्रोसेसर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही; प्रोसेसरच्या आतलंच पुरे, सिनेमे तर बघायचेत. रॅम 16 जीबीची, डीडीआर4 3200 (हा 3200 म्हणजे वेगाचा आकडा), एकच स्टिक. "एक स्लॉट मोकळा राहू दे काका, पुढे वाढवता येईल," असं मीच शहाणपणाने सांगितलं होतं. हा सल्ला मी वर्षानुवर्षं देत आलोय आणि ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला तो फारसा नडतही नाही.

पोचलो तर बाहेरच्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधणं चाललेलं, आतून नेवऱ्या म्हणजे करंज्या तळल्याचा वास. सिनेमे नीट चालत होते. अडखळत होता तो पुतण्याने फोनवर काढलेला गेल्या वर्षीच्या आरतीचा व्हिडिओ. फोर-के, सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे 60 चित्रं, वर एचडीआर, म्हणजे जास्त उजेड आणि रंगांचा. घुमटाचा, म्हणजे आरतीतल्या मातीच्या वाद्याचा, आवाज अखंड, पण घुमटावरचा हात मात्र इथून एकदम तिथे. मधल्या थापा गायब. ज्यांनी ते घुमट वाजवलं होतं ते आजोबा समोर खुर्चीत बसलेले, आणि पोरं हसत होती.

आधी केबल बदलली. मग ड्रायव्हर. दोन्ही उगाच, पण हाताला सवय असते. शेवटी एमपीव्ही प्लेअरमध्ये 'आय'चं बटण दाबलं आणि पडद्यावर आकडे आणले. गळलेल्या फ्रेमचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. टास्क मॅनेजर उघडला. व्हिडिओ डिकोड आरामात होतं, ग्राफिक्सच्या बाकी कामाचा, 3डीचा, आलेख मात्र छताला टेकलेला. म्हणजे व्हिडिओ उलगडायला त्रास नव्हता. त्रास त्याच्या पुढच्या कामाला होता. काकांचा टीव्ही फोर-के असला तरी जुना, एचडीआर न समजणारा. म्हणून प्लेअर प्रत्येक फ्रेमचे रंग टीव्हीला झेपतील असे बदलून देत होता.

मेमरीच्या पानावर खाली लिहिलेलं: 2 पैकी 1 स्लॉट. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममध्येच संसार करतं. 3200ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी ने-आण करते. दोन स्लॉटांत दोन असल्या की 51.2. आता फोर-केची एक फ्रेम म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके. रंगांचं काम करताना ठिपक्याला 8 बाइट धरले तर फ्रेमला 66 एमबी, आणि 60 फ्रेमचे जवळजवळ 4 जीबी, दर सेकंदाला. तेही एकदाच नाही. प्रत्येक टप्प्यावर लिहायचं, पुन्हा वाचायचं. बाकी विंडोज आणि प्रोसेसर त्याच अरुंद पुलावरून जाणार. सिनेमा 24 फ्रेमचा, म्हणून तो निभावून जात होता.

तरी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम 512 एमबीवरून 2 जीबी करून पाहिली. काही फरक नाही. खोली मोठी केली, दार तेवढंच. रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारं एक्सएमपी चालूच होतं.

येताना बॅगेत 8-8 जीबीची 3200ची जोडी टाकली होती, दिवेवाली, वर पिसाऱ्यासारखे पत्रे. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायच्या कंप्युटरला दिवे कशाला, हे मला अजून कळलेलं नाही, पण दुकानात तीच शिल्लक होती. ती बसेना. चपट्या केससाठी घातलेला बुटका कूलर पहिल्या स्लॉटच्या वर आलेला आणि स्टिकची उंची साध्या स्टिकच्या दीडपट. काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कापता येत नाही का रे?"

मग बॅगेच्या तळाशी हात घातला. जुन्या मशीनमधून काढलेल्या दोन बोडक्या हिरव्या स्टिका होत्या, 8-8 जीबी, वेगवेगळ्या कंपनीच्या. एक 3200ची, दुसरी 2666ची. अशी विजोड जोडी लावली की दोघीही हळू असलेलीच्या चालीने चालतात. तरी हिशेब केला: 2666ने दोघी मिळून 42.6. एकटीच्या 25.6पेक्षा कितीतरी जास्त. पावसाळ्यात आपल्याकडे सोनेरी टोकांवरही मळ धरतो, म्हणून पोरांच्या कंपासमधला खोडरबर घेऊन दोन्ही पुसल्या आणि बसवल्या.

गिऱ्हाइकाच्या घरी विजोड रॅम ठेवून निघून जायचं नाही, एवढा नियम मी पाळतो. पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला आणि एक अख्खी फेरी होईपर्यंत काकांनी मला माटोळीला कांगलां, म्हणजे रानफळं, बांधायला बसवलं. गाठी काकांनी पुन्हा सोडून बांधल्या. एकही चूक निघाली नाही, मेमटेस्टमध्ये म्हणजे.

व्हिडिओ लावला. गळलेल्या फ्रेमचा आकडा सुरुवातीला दोनवर गेला आणि तिथेच थांबला. आजोबांचा हात घुमटावर सरळ पडत होता. त्यांनी स्वतः काही म्हटलं नाही, फक्त खुर्चीच्या हातावर बोटं चालू झाली.

पैसे मी घेतले नाहीत, चूक माझीच होती. नेवऱ्या घेतल्या. चवथ झाल्यावर बुटकी, बिनदिव्यांची 3200ची जोडी नेऊन बसवली आणि हिरव्या परत आणल्या. काकांनी पुन्हा तोच व्हिडिओ लावला, शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "काहीच फरक दिसत नाही मरे." खरंच दिसत नव्हता.