निळूचे ठिपके

निळू घरी आल्यावर नवव्या दिवशी सकाळी टँकचा दिवा लावला आणि निळूच्या परावर मिठाचे दोन कण दिसले. आधी मीठच वाटलं. खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्या घरात मीठ कुठेही सापडतं. झाकणावर, वायरींवर, माझ्या चष्म्यावरसुद्धा. पण पाण्याच्या आत मीठ दाण्यासारखं चिकटून राहील कसं? एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

निळू म्हणजे आमचा ब्लू टँग. नाव मुलीने ठेवलं. नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये काही आठवडे ठेवायचा, मग इतरांत सोडायचा, हा नियम मी इतरांना अनेकदा ऐकवलाय. निळूच्या वेळी मात्र "चांगला खातोय की, याला काय होणार" म्हणत सरळ ३०० लिटरच्या मुख्य टँकमध्ये सोडून दिला. तिथे दोन क्लाउनफिश, एक छोटा गोबी, काही कोरल, एक कोळंबी आणि गोगलगायी आधीच होत्या. टँग जातीचे मासे या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला लवकर बळी पडतात, हेही माहीत होतं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच खात्यावर.

ठिपके दिसले त्या दिवशी मी जे केलं ते गोड्या पाण्याच्या सवयीने केलं. गोड्या पाण्यात माशांना इच, म्हणजे असाच पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, झाला की पाणी गरम करायचं आणि थोडं मीठ टाकायचं. इथे मासा मिठाच्याच पाण्यात! राहिला हीटर, म्हणून तो दोन अंशांनी वाढवला. नंतर वाचलं की दोन्ही आजारांचे ठिपके सारखे दिसत असले तरी जंतू वेगळे आहेत. गोड्या पाण्यातला इक्थिओफ्थिरियस, खाऱ्यातला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, आणि त्यांचं आपसात जवळचं नातंही नाही. हा खाऱ्यातला जंतू दोन अंशांना भीक घालत नाही. उलट पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि ज्याच्या कल्ल्यांना आधीच इजा झालीय त्या माशाला तोच हवा असतो. संध्याकाळी निळूच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली तर मिनिटाला १३० भरली. हीटर मुकाट्याने खाली आणला.

लसणाच्या रसात भिजवलेलं खाणंही दिलं. टँकला लसणाचा वास आला, ठिपक्यांवर काही परिणाम झाला नाही.

तेराव्या दिवशी ठिपके गायब! निळू पुन्हा खडकांमधून सुळकन जायला लागला. मुलीने मोबाइलचा टॉर्च मारून दोन्ही बाजूंनी तपासणी केली आणि "बाबा, एकही नाही" असं जाहीर केलं. मी लगेच ओळखीच्या दोन जणांना फोन करून "आपोआप गेलं रे" सांगितलं. ते फोन आठवले की आजही कानकोंडं होतं.

कारण ठिपके जातात ते मासा बरा झाला म्हणून नाही. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून माशाला खाणारा जंतू. तीन ते सात दिवस खाऊन त्याचं पोट भरलं की तो स्वतःहून सुटतो, तळाशी जातो, रेतीला नाहीतर खडकाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाची शेकडो पिल्लं होतात. ती कधी काही दिवसांत, कधी काही आठवड्यांनी बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहत सुटतात. त्यांच्याकडे एक-दोन दिवसच असतात; तेवढ्यात मासा मिळाला नाही तर मरतात. पण ३०० लिटरच्या काचेच्या पेटीत मासा किती लांब असणार? त्यातही हे सगळं बहुतेक अंधारात, पहाटेच्या सुमारास चालतं. खडकाच्या कपारीत अंग कोंबून मासा निवांत झोपलेला असतो तेव्हा.

एकविसाव्या दिवशी निळूवर ठिपके मोजायची सोयच उरली नव्हती. अंगभर, परांवर, एका डोळ्यावरसुद्धा. शेपटीची कड झिजून चिंध्या झालेली. खडकाला अंग घासून घासून एका बाजूचा निळा रंग फिकट पडलेला. खाण्याकडे तो बघेना. क्लाउनफिशवर चार-पाच ठिपके होते. गोबी कुठे दिसलाच नाही. दोन दिवसांनी एका खडकामागे मेलेला सापडला.

ठिपक्यांचा आकार मात्र मी नीट पाहून घेतला. मखमली रोगात, म्हणजे व्हेल्व्हेटमध्ये, अंगावर पिठूळ धुरळा बसल्यासारखा दिसतो आणि मासा बघता बघता जातो. निळूवर दाणे सुटे सुटे होते. म्हणजे वेळ होता, थोडासा.

औषध तांब्याचं, कॉपरचं. ते मुख्य टँकमध्ये टाकता येत नाही. कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांचा निकाल लागतो, शिवाय रेती आणि खडक ते शोषून घेतात आणि मात्रा टिकत नाही. म्हणून सगळे मासे बाहेर काढायचे आणि रिकाम्या टँकमधल्या जंतूंना उपाशी मारायचं. पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) १.०२६ वरून १.००९ पर्यंत उतरवायचा दुसराही एक मार्ग आहे. तोच करणार होतो, पण आधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, प्रमाण द्रावणावर तपासला तर तो ०.००३ ने चुकीचा दाखवत होता. ज्या उपायात एवढासा फरकही चालत नाही, तो अशा यंत्राच्या भरवशावर कोण करणार?

पकडणं हा स्वतंत्र तमाशा. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चाकूसारखा काटा असतो. जाळी लावली की तो अडकतो, मासा तडफडतो आणि आणखी जखमी होतो. दुपारी तासभर मी प्लास्टिकचा डबा घेऊन त्याच्यामागे फिरलो, तो माझ्यापुढे. रात्री दिवे बंद करून दोन तासांनी लाल टॉर्च लावला. साहेब नेहमीच्या कपारीत आडवे. बायकोने बादली धरली, मी तो अख्खा खडक हळूच उचलून आतल्या माशासकट बादलीत ठेवला. बाहेर आला तेव्हा तो बादलीच्या तळाशी कुशीवर पडून राहिला. मेला, असं मी म्हणालो. टँग घाबरले की असं सोंग घेतात हे वाचलेलं असूनही म्हणालो.

हॉस्पिटल टँक ८० लिटरचा. तळ उघडा, रेती नाही, खडक नाही. हीटर, स्पंज फिल्टर, हवेचा पंप आणि लपायला पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेले जोड. तिन्ही बाजूंना जुनी चादर. इतकं विद्रूप घर मी कोणत्याही माशाला दिलं नव्हतं, पण निळू पाच मिनिटांत एल्बोत शिरला आणि शांत झाला.

आता कॉपरचं. मी घेतलं ते चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंना बांधलेलं, कॉपर. त्याची मात्रा २ ते २.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. साधं आयोनिक, म्हणजे पाण्यात मोकळं, कॉपर असेल तर आकडा ०.२ च्या आसपास, म्हणजे दहापट कमी. एका बाटलीचा आकडा दुसरीला लावलात तर मासे गेलेच म्हणून समजा. मात्रा मी चार-पाच दिवसांत चढवत नेली. दुसऱ्या दिवशी १.५ यायला हवं होतं, टेस्टमध्ये १.७५ आलं. टेस्ट किटला दोष दिला, पुन्हा केली, तेच. मग डोक्यात प्रकाश पडला: ८० लिटर हे काठोकाठ भरल्यावर. मी वरून चार बोटं रिकामा ठेवला होता, शिवाय पाइप. मोजून पाणी भरलं तर ६८ लिटर. मी ८० च्या हिशेबाने औषध टाकत होतो. वेळेवर कळलं म्हणून ठीक.

तिसऱ्या दिवशी अमोनिया, माशांच्या घाणीतून येणारं विष, ०.५. नव्या स्पंजमध्ये तो खाणारे जिवाणू नव्हते, हे व्हायचंच होतं. कपाटात अमोनिया मारणाऱ्या द्रावणाची बाटली होती, हात तिच्याकडे गेलाही; पण अशी काही द्रावणं कॉपरबरोबर गेली की तांबं माशाला आणखी विषारी होतं. मग रोज पाणी बदलणं. रोज २० लिटर ताजं खारं पाणी, तापमान जुळवून, त्यात आधीच त्या दिवसाएवढं कॉपर मिसळून. नाहीतर प्रत्येक बदलाला मात्रा खाली येते, आणि कॉपर मारतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही, कवचातल्याला नाही. दोन दिवस मात्रा घसरली की नेमकं तेव्हाच बाहेर आलेलं पिल्लू सुटतं. म्हणून ३० दिवस.

खरी काळजी खाण्याची होती. आजाराने भूक जाते, कॉपरनेही जाते. समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा रबरबँडने पाइपच्या तुकड्याला बांधून ठेवायचो. संध्याकाळी तो जसाच्या तसा, नुसता लिबलिबीत झालेला काढायचा. मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव, टाकली, क्लाउनफिशनी फस्त केली. निळूचं पोट आत गेलं होतं. समोरून पाहिलं तर पाठ धारदार दिसायची. खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पीत असतो, कारण समुद्र त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतो; कातडी फाटली की ते आणखी झिरपतं. म्हणजे हा पाण्यात राहून सुकत होता. हे वाचल्यापासून मला रात्री उठून त्याला बघायची सवय लागली.

उपचाराच्या सहाव्या दिवशी जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव, सोडला. ठिपक्याएवढे जीव टँकभर वळवळत होते. निळू एल्बोच्या तोंडाशी आला. एक त्याच्या नाकासमोरून गेला. डोळा फिरला, नुसता डोळा. दुसरा गेला. तिसऱ्याला त्याने टपकन ओढून घेतलं आणि पुन्हा आत. "खाल्लं! बाबा, खाल्लं!" म्हणून मुलगी एवढ्याने ओरडली की तो अर्धा तास बाहेर आला नाही. दहाव्या दिवशी पापुद्र्याला अर्धगोल चावे दिसले. ते मी मोजले, ठिपके मोजायचे केव्हाच सोडले होते.

पुढचे दिवस कंटाळवाणे गेले. टेस्ट, बादली, टेस्ट. डोळ्यावरचा ढग अँटिबायोटिकशिवाय निव्वळ स्वच्छ पाण्याने विरला. शेपटीची कड आधी पारदर्शक उगवली, मग पिवळी झाली. ३० दिवसांनी कार्बन लावून आणि पाणी बदलून कॉपर उतरवलं, मासे मात्र तिथेच ठेवले, कारण मुख्य टँकचे ७६ दिवस व्हायचे होते. ७६ अशासाठी की प्रयोगशाळेत एका कवचातून पिल्लं निघायला ७२ दिवस लागल्याची नोंद आहे; वरचे चार जास्तीचे. त्या काळात मुख्य टँकमध्ये कोळंबीपुरतं चिमूटभर खाणं, आणि दोन्हीकडच्या बादल्या, नॅपकिन, हात वेगवेगळे. ओल्या हातानेही जंतू जातात. एकदा विसरून हॉस्पिटल टँकचा पाइप मुख्य टँकमध्ये घातला गेला. मग त्याच दिवसापासून पुन्हा एक. घरच्यांनी हे फारसं शांतपणे घेतलं नाही.

निळू परत गेला तो दिवस साधाच. डब्यातून सोडला, चक्कर मारली, क्लाउनफिशनी जुनी जागा धरली. हा मात्र कपारीत जाईना. दोन रात्री पंपाच्या मागे काचेला टेकून झोपला. त्याला एल्बो हवा होता, आणि महिनाभर कॉपरमध्ये राहिलेला तो पाइप कोरलजवळ ठेवायची माझी छाती नव्हती. शेवटी तसाच नवा आणला. आता टँक बघायला आलेले लोक कोरलमध्ये तो पांढरा पाइप बघून विचारतात, हे काय मध्येच? त्यावर जांभळी पुटं चढायला लागलीत, आणि संध्याकाळी दिवा मंद झाला की त्यातून एक पिवळी शेपटी बाहेर राहते.