दारू एकदम बंद करताय? थांबा

आज दिवसभर एकच प्रश्न ऐकला: “आजपासून बंद, घरीच ठेवू काय?” नको! रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंगावर नसलेले किडे झटकू लागतो. घरचे बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात, तिथंच वेळ जातो. बेळगावचं सरकारी जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडचं डिमहान्स (मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय) गाठा. रोज किती, शेवटची कधी, खरं सांगा. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या सलाईनआधी द्यायचं असतं. चहातून चोरून दारू सोडवायच्या गोळ्या (डायसल्फिराम) तर मुळीच नकोत. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेततं. १४४४६ हा व्यसनमुक्तीच्या मदतीचा फोन मोफत आहे. डिस्चार्जनंतर त्याला एए (दारू सोडणाऱ्यांचा गट, अल्कोहोलिक्स अनॉनिमस) बैठकीला घेऊन जा, आणि त्याच्या बायकोलाही अल-अनॉनमध्ये (पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट).